मॉरिशसच्या समुद्रावरील मृगया

हें शीर्षक वाचून कित्येक वाचकांच्या कपाळाला आंठी पडेल, हें मी जाणून आहें. ज्याच्या घरांत मासळीचा वास कधीं शिरला नाहीं, ज्यानें सारी हयात मुलांकडून रूपावलि आणि समासचक्र पाठ करून घेण्यांत घालविली, त्या पेन्शनर मास्तरानें मासे धरण्याच्या खेळावर लिहावें, हा काय प्रकार, असें कोणी विचारल्यास त्याला मी दोष देणार नाहीं. परंतु गेल्या मार्गशीर्षांत एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला, आणि तो अद्याप मनांतून जात नाहीं. त्यांत एक प्रश्न आहे. तो सुज्ञ वाचकांपुढें ठेवावा, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त मॉरिशस बेटांत राहतो. शाळेंत असतांना 'राम' शब्द चालवितांना त्याला घाम फुटे. पण गुरुजनांविषयींची ममता त्याच्या ठिकाणीं उपजतच होती. त्यानें आग्रह करकरून आम्हां उभयतांना तिकडे बोलावून घेतलें. आपल्याकडे थंडीचे दिवस, तर तिकडे भर उन्हाळा. कारण हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर आहे. एके दिवशीं तो म्हणाला, "गुरुजी, रविवारीं आम्ही तिघे मित्र बोट भाड्यानें घेऊन मोठ्या माशांच्या मागें जाणार आहोंत. तुम्ही नुसते बघायला चला."

मीं म्हटलें, "अरे, मी वरणभाताचा माणूस. मला कशाला या हत्येंत ओढतोस?"

तो हंसून म्हणाला, "हल्लीं पुष्कळ लोक धरलेला मासा सोडून देतात, गुरुजी. हत्या म्हणायची कीं खेळ, तें पाहिल्यावर ठरवा."

हें बोलणें मला पटलें. न पाहतां निकाल देणें शिक्षकाला शोभत नाहीं.

पूर्वजांचें मत

आदल्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां आपल्या ग्रंथांत या विषयीं काय म्हटलें आहे याची मनांतल्या मनांत उजळणी केली. मनूनें राजाच्या कामज व्यसनांत मृगयेची गणना केली असून मद्यपान, द्यूत आणि स्त्री यांच्या पंक्तीला तिला बसविलें आहे. उलट कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत द्यूत आणि मृगया यांची तुलना करून मृगयेची बाजू घेतली आहे. तिच्या योगानें व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर आणि चल अशा दोन्ही लक्ष्यांवर हात बसतो, आणि कोपाच्या व भयाच्या वेळीं प्राण्याच्या चित्ताची स्थिति काय असते तें कळतें, असें त्याचें म्हणणें आहे.

याहून नवलाची गोष्ट ही, कीं केवळ मासे धरण्याच्या करमणुकीवर संस्कृतांत स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर या राजानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे हल्लींच्या कर्नाटकांतील बसवकल्याण. राजानें कोणकोणत्या विनोदांत मन रमवावें हें सांगतांना ग्रंथकारानें 'मत्स्यविनोद' वर्णिला आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचें खाद्य, दोरी, काठी, गळ आणि आमिष, असें सर्व साहित्य त्यांत आलें आहे. तेव्हां हा खेळ साहेबानें शोधून काढला, ही आपली समजूत चुकीची आहे. साहेबानें त्याला नियम घालून दिले एवढेंच. पण त्या नियमांविषयीं पुढें.

बेट आणि त्याचा समुद्र

मॉरिशसचें मुख्य बेट सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाहूनहि थोडें कमीच. तें ज्वालामुखीपासून झालेलें असून त्याच्याभोंवतीं पोंवळ्यांच्या खडकाचा तट आहे. तटाच्या आंत उथळ, हिरवट, शांत पाणी. लहान मुलानें डुंबावें असें. तटाबाहेर पडतांच रंग बदलून शाईसारखा गडद निळा होतो. बेटाचा पर्वतच समुद्रांतून वर आलेला असल्यामुळें त्याचा उतार अतिशय तीव्र आहे, आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ शेंकडों मीटर खोल जातो. इतरत्र ज्या माशांसाठीं दिवसभर समुद्र कापीत जावें लागतें, ते येथें घरांतून दिसणाऱ्या पाण्यांत फिरतात. नैर्ऋत्येकडील ल मोर्न पर्वत आणि पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हरचा उपसागर या भागाची ख्याति यामुळेंच झाली. साधारणपणें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत निळा मार्लिन तेथें येतो.

ल मोर्नकडे पाहतांना केवळ मासेच आठवूं नयेत. धन्यांच्या छळाला कंटाळून पळालेले गुलाम या उभ्या कड्याच्या आश्रयास राहत असत. म्हणून २००८ सालीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशाचें स्थान दिलें. १८३५ मध्यें तेथील गुलामगिरी बंद झाली. आणि उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं करारबद्ध हिंदी मजूर नेण्याची पद्धत १८३४ सालींच सुरू झाली होती. मुंबई बंदरांतून रत्नागिरी वगैरे भागांतले आपले लोकहि त्यांत गेले. त्यांचे वंशज आज तेथें मराठी म्हणून ओळखले जातात, शाळांतून मराठी शिकतात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सार्वजनिक सुटी असते.

आमच्या बोटीचा तांडेल अशाच एका घराण्यांतला, पन्नाशीचा, काळासांवळा, कमी बोलणारा गृहस्थ होता. पणजोबा कोंकणांतून आले, एवढेंच त्याला ठाऊक. गणपतीच्या आरत्या त्याला तोंडपाठ येतात. पण वारा कोणीकडून वाहतो आहे, हें मात्र तो क्रिओल भाषेंतच सांगतो. माझा विद्यार्थी मधें दुभाष्या झाला. मी ब्राह्मण आणि मास्तर, असें कळतांच त्यानें वांकून नमस्कार केला आणि "गुरुजी" म्हणून हांक मारली. आईबापांकडून ऐकलेला तो शब्द असावा.

मासा कसा असतो

मार्लिनचा वरचा जबडा पुढें वाढून भाल्यासारखा झालेला असतो. लहान माशांच्या थव्यांत शिरून तो या भाल्यानें आजूबाजूस फटकारे मारतो आणि घायाळ झालेले मासे गिळतो. थंड व खोल पाण्यांत उतरल्यावरहि त्याची दृष्टि मंद होत नाहीं. कारण डोळ्यांजवळच्या एका स्नायूचें उष्णता उत्पन्न करणाऱ्या अवयवांत रूपांतर झालेलें असून त्यामुळें डोळे आणि मेंदू उबदार राहतात.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला बोटीवरच कळली. या जातींत नर लहान आणि मादी प्रचंड असते. नर दीडशें किलोच्या पलीकडे क्वचितच जातो. मादी पांचशें किलोंहूनहि अधिक भरूं शकते. १९८२ सालीं हवाई बेटांतील कोना येथें ६२४ किलो वजनाचा निळा मार्लिन धरला गेला आणि तो उच्चांक म्हणून नोंदला गेला. याचा अर्थ काय? शिकाऱ्याच्या दिवाणखान्यांत टांगलेला, छायाचित्रांत माणसाच्या दुप्पट उंच दिसणारा प्रत्येक 'वीर' वस्तुतः लाखों अंडीं घालणारी आई असते. मोठा मासा म्हणून ज्याची ईर्ष्या धरावयाची, त्याच्यावरच पुढच्या पिढीची भिस्त.

खेळाचे नियम

आतां नियमांविषयीं. १८९८ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटॅलिना बेटावर चार्ल्स होल्डर या गृहस्थानें काठी आणि रीळ यांच्या साहाय्यानें ८३ किलोंचा टूना धरला. टूनाच्या जातीलाच आपल्याकडे कोंकणांत कुपा म्हणतात. त्याच वर्षीं तेथें टूना क्लब स्थापन झाला. बारीक दोरीनें मोठा मासा धरावा, म्हणजे माशाला निसटण्याची संधि राहते, हें त्याचें तत्त्व. पुढें १९३९ मध्यें न्यू यॉर्क येथें आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, आणि उच्चांकांची नोंद ती ठेवूं लागली. ज्यानें मासा गळाला लावला त्यानेंच तो शेवटपर्यंत ओढला पाहिजे. दुसऱ्याचा हात काठीला, रिळाला किंवा दोरीला लागल्यास तो उच्चांक बाद. फक्त अखेरची जाड दोरी खलाशानें धरावी. मॉरिशसचेंहि नांव या वहींत आहे. १९८८ सालीं ब्लॅक रिव्हरला ५०५ किलोंहून अधिक वजनाचा माको जातीचा शार्क धरला गेला; २००१ मध्यें अमेरिकेंत त्याहून मोठा मिळेपर्यंत तो जगांतला उच्चांक होता.

आमच्या वाचकांना हा विषय अगदींच परका नाहीं. हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची कथा पु. ल. देशपांडे यांनीं 'एका कोळियाने' या नांवानें मराठींत आणली, ती घरोघरीं वाचली गेली आहे. त्यांतला मासा मार्लिनच. मात्र त्या म्हाताऱ्याला पोट होतें. येथें आलेल्यांना हौस असते. हा भेद लहान नव्हे.

तो रविवार

पहाटे निघालों. तटाबाहेर पडतांच लाटांनीं माझ्या पोटांत ढवळूं लागलें. आमच्या घरांतून बरोबर दिलेला आल्याचा तुकडा चघळीत मी एका कोंपऱ्यांत बसलों. बोटीच्या दोन्ही बाजूंस वेळूसारखे लांब दांडे पसरले होते. त्यांच्यावरून सोडलेल्या दोऱ्यांना रंगीबेरंगी खोटीं आमिषें बांधलेलीं. बोट ताशीं पंधराएक किलोमीटर वेगानें चालली, म्हणजे तीं पाण्याच्या पृष्ठभागावर उड्या मारतात आणि त्यांच्यामागें बुडबुड्यांची शेपटी उठते. मागील बाजूस मध्यभागीं एक भक्कम फिरती खुर्ची. तीन तास कांहीं घडलें नाहीं. दोन लहान टूना मात्र मिळाले.

चवथ्या तासाला रीळ किंचाळलें. दुसरा शब्द मला सुचत नाहीं. माझा विद्यार्थी खुर्चींत बसला, पट्टे आंवळले, काठी खांचेंत ठेवली. शें-दीडशें हातांवर पाणी फुटलें आणि निळा-रुपेरी देह पुरताच हवेंत उभा राहिला. सूर्य त्याच्या अंगावर चमकला. मीं आयुष्यांत पुष्कळ मूर्ति पाहिल्या. पण असें तेज क्वचितच पाहिलें. तांडेल एकच शब्द बोलला. विद्यार्थ्यानें धापा टाकीत भाषांतर केलें: "मादी."

पुढें सुमारें पाऊण तास ती ओढाताण चालली. रिळाच्या पोटांत तबकड्या असतात. त्यांचा दाब दोरीच्या ताकदीच्या चौथाई-तिहाईवर ठेवलेला असतो. मासा जोरानें ओढूं लागला, कीं दोरी तुटण्याऐवजीं सुटत जाते आणि तो स्वतःच्याच धांवण्यानें दमतो. तो थांबला, कीं माणसानें गुंडाळावयाचें. चाळीस वर्षांच्या, सुखवस्तु, खुर्चीवर काम करणाऱ्या त्या गृहस्थाच्या बोटांना फोड आले, दंड थरथरूं लागले. पण त्यानें दुसऱ्याला काठी दिली नाहीं. कौटिल्य काय म्हणतो तें मला त्या वेळीं समजलें.

अखेर ती बोटीच्या बाजूस आली. रंग फिका पडला होता. तांडेलाच्या अंदाजानें ती दोनशें किलोंहून कमी नव्हती. तिचा मोठा वाटोळा डोळा माझ्याकडे वळलेला होता. खलाशी पोरगा लोखंडी आंकडा घेऊन सरसावला, आणि माझ्या तोंडून एकदम निघालें, "अरे, सोडा तिला! आई आहे ती."

सगळे थांबले. तांडेल शांतपणें कांहीं बोलला. विद्यार्थी खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, येथला जुना रिवाज असा आहे, कीं बोट भाड्यानें घेणाऱ्यानें खेळ खेळावा, मासा मात्र बोटीचा. सगळ्या बोटींवर आतां तसें नाहीं. पण या बोटीवर आहे. मार्लिनचें मांस येथें धुरावून विकतात, त्याला भाव चांगला येतो. तो म्हणतो, हा त्याचा आणि या पोराचा आठवड्याचा पैसा आहे. गुरुजींची दया चांगली आहे. पण ती माझ्या पैशानें कां करतात, असें विचारतो आहे."

वाचकहो, चाळीस वर्षें मीं मुलांना दया, दान, परोपकार यांवर निबंध घातले. पण असा टोला मला कोणा परीक्षकानें दिला नव्हता. ज्याला सोडावयास कांहीं पडत नाहीं, त्यानें 'सोडा' म्हणणें किती सोपें! माझ्या खिशांत घरच्यांसाठीं भेटवस्तु घेण्याचे पैसे होते. ते मीं तसेच काढून पुढें केले. विद्यार्थी व त्याचे मित्र यांनींहि भर घातली. तांडेलानें आढेवेढे घेतले नाहींत, आभारहि मानले नाहींत. त्यानें नोटा मोजल्या, तिसरा हिस्सा पोराच्या हातीं ठेवला, आणि आंकडा बाजूला ठेवावयास सांगितलें. हा व्यवहार मला फार आवडला.

परंतु सोडणें म्हणजे दोरी कापणें नव्हे, हेंहि तेव्हांच पाहिलें. दमलेला मासा तसाच टाकला तर बुडून मरतो. त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहिलें पाहिजे. तांडेलानें बोट मंद चालविली, पोरानें भाला दोन्ही हातांनीं धरून तिला बाजूनें नेलें. गळ जबड्याच्या कोंपऱ्यांत लागला होता, म्हणून सहज निघाला. घशांत अगर पोटांत रुतला असता, तर सोडूनहि उपयोग नव्हता. कांहीं वेळानें तिच्या अंगावर पुन्हां निळा रंग चढला. शेपटीचा एक फटकारा पोराच्या तोंडावर पाणी उडवून गेला, आणि ती खालीं, काळ्याभोर पाण्यांत, दिसेनाशी झाली. तांडेलानें समुद्राला हात जोडले. मींहि जोडले.

खरा कोळी कोण?

परततांना तांडेल थोडा मोकळा झाला. म्हणाला, "आम्हीं एक मारली कीं लोक पाहतात. दूरवर जहाजें काय करतात, तें कोणी पाहत नाहीं." हें खरें आहे. टूनासाठीं खोल समुद्रांत फिरणारीं जहाजें कित्येक किलोमीटर लांबीची दोरी सोडतात आणि तिला हजारों गळ लटकविलेले असतात. गळाला कळत नाहीं, आलेला मासा टूना कीं मार्लिन. जाळ्यांचीहि तीच गोष्ट. हिंदी महासागरांत मरणाऱ्या मार्लिनांपैकीं बहुतेक अशा रीतीनें मरतात. हौशी लोकांच्या गळानें फार थोडे. २०११ सालीं निळ्या मार्लिनची गणना जागतिक यादींत 'असुरक्षित' वर्गांत झाली. या महासागराच्या टूना आयोगाची कचेरी सेशेल्स बेटांत आहे. त्यानें २०१८ मध्यें मार्लिन धरण्यावर मर्यादा घालणारा ठराव केला. पण अफाट समुद्रावर पहारा ठेवणें सोपें नाहीं.

शिवाय संकट गळाच्याच रूपानें येतें असें नाहीं. २०२० च्या जुलैंत 'वाकाशिओ' नांवाचें जपानी मालकीचें जहाज या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील खडकावर चढलें आणि ऑगस्टमध्यें त्यांतून सुमारें हजार टन तेल समुद्रांत सांडलें. त्या भागांतली मासेमारी बंद पडली. तेल अडविण्यासाठीं लोकांनीं उंसाच्या पाचटाचे लांबलचक बोळे शिवून पाण्यांत सोडले. ज्या उंसासाठीं त्यांचे पूर्वज आणले गेले, त्याच उंसाच्या पाल्यानें वंशजांनीं समुद्र वांचविण्याची धडपड केली, हें ऐकून मला गहिंवरून आलें.

मर्यादा पाळणें ही आपल्याला नवी गोष्ट नाहीं. अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत वर्षांतील ठराविक दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत, अशी आज्ञा कोरून ठेविली आहे. मॉरिशसच्या उथळ पाण्यांतहि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर मोठ्या जाळ्यांना बंदी असते. आपल्या कोंकणांतले कोळी पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहतात, त्यांतलें तत्त्वहि हेंच. माशाला विणीची उसंत दिली, तर समुद्र माणसाला उपाशी ठेवीत नाहीं.

घरांतला प्रश्न

संध्याकाळीं घरीं आल्यावर सर्व हकीकत मीं मोठ्या उत्साहानें सांगितली. पैसे कोठें गेले, तेंहि सांगितलें. आमच्या घरांतून त्याविषयीं एक अक्षर निघालें नाहीं. सगळें ऐकून घेतल्यावर एवढाच प्रश्न आला: "सोडायचीच होती, तर धरली कशाला?"

मीं सांगूं लागलों, कीं ज्याला मासा धरण्याचा नाद आहे, तोच मासा उरावा म्हणून धडपडतो; माशांना खुणेच्या चकत्या लावून सोडणारे हेच लोक आहेत, आणि मार्लिन किती दूर फिरतो तें त्यांच्यामुळेंच कळलें; तांडेलाला सोडण्याचे पैसे मिळूं लागले, तर मारण्याची गरज उरणार नाहीं. हीं उत्तरें खोटीं नाहींत. पण तिचा तो वाटोळा डोळा मला आठवला, आणि माझें बोलणें मधेंच थांबलें. त्या पाऊण तासांत तिला काय वाटलें, याचा हिशेब माझ्या उत्तरांत कोठेंच नव्हता.

दुसऱ्या दिवशीं विद्यार्थ्याला विचारलें, "पुन्हां जाशील का?"

तो फोड आलेल्या बोटांकडे पाहून म्हणाला, "जाईन, गुरुजी. पण बोट ठरवितांनाच सोडण्याचे पैसे बोलून ठेवीन."

एवढा धडा त्यानें घेतला, हें गुरु म्हणून मला पुरे आहे. घरांतला प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे, आणि तो मी वाचकांच्या स्वाधीन करतों.